पालकाच्या रकान्यातला नंबर

पोरगी कॉलेजात आली नाही की आम्ही पोरीला विचारत नाही, घरी फोन लावतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी हेच केलं, आणि वर त्याचा तोराही मिरवला.

इशिता अकोटची, लग्न होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात आलेली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी वर्गात पहिली. दुसऱ्या वर्षी तिच्या हातून काचसामान फुटायला लागलं, साधी समीकरणं चुकायला लागली. मागून दार वाजलं तरी दचकायची. एकदा बोट सुजलेलं होतं. "दारात सापडलं, मॅडम," म्हणाली. "लक्ष कुठं असतं तुझं?" म्हणून मी तिलाच झापलं. माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

तिचा नवरा जीवन तिला मारत होता, तिची पुस्तकं फाडत होता. दिवाळीत ती माहेरी निघून गेली. कॉलेज सोडलं असं त्याला सांगितलं आणि अकोटहून एसटीनं गुपचूप येत राहिली. पदवी हाती आली की नोकरी, मग त्या घरी परत जायचं नाही, एवढाच तिचा हिशेब. हे सगळं मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

परीक्षेला आठ दिवस उरले होते आणि ती चार दिवस गैरहजर. जर्नलवर माझी सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून मी फॉर्मवर पालक म्हणून लिहिलेला नंबर लावला. जीवनने उचलला. शाळामास्तर माणूस, बोलणं अगदी लोण्यासारखं.

"उद्या अकराला जर्नल घेऊन पाठवा तिला," मी म्हटलं.

"कॉलेज चालू हाये काय तिचं?" मग तो म्हणाला, "बरं झालं सांगतलं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी इशिता आपणहूनच आली. चार दिवसांचा ताप उतरला होता, जर्नल पूर्ण होतं. फाटकात जीवन मोटारसायकल घेऊन उभा होता. त्यानं जर्नल तिच्या हातातून काढून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "तुह्या मॅडमचा फोन आला होता. बस."

मी धावत गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"फोन कावून केला, मॅडम? आठच दिवस राहिले होते."

साऱ्या कॉलेजवर ओरडणारी मी बाई, पण नवराबायकोच्या मध्ये कशाला पडा म्हणून गप्प उभी राहिले. ती गाडीवर बसली. प्रॅक्टिकलला आली नाही.