सूतभर अस्तर

दिराच्या लग्नाचं जाकीट घरीच शिवते, असं मी सासूबाईंना सांगून बसले होते. लग्न दोन दिवसांवर आलं आणि अस्तर कडेने बाहेर डोकावू लागलं. शेवटी भद्रकालीच्या वाटेवरच्या म्हाताऱ्या शिंप्यापुढे जाऊन उभी राहिले. जाकीट त्याच्यापुढे ठेवलं. माझ्याकडे न बघता तो कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत राहिला.

"कापडाएवढंच कापलंत ना? अस्तर सूतभर लहान पाहिजे, बाई. मग कड आत वळते."

त्याने कड उसवून अस्तर कातरलं, वीतभर शिवून दाखवलं आणि तो दोरा लगेच ओढून काढला.

"दुसऱ्याचा टाका सासूला कळतो. तुम्हीच शिवा."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कड उजेडात धरली.

"टाका जरा वाकडा आहे," त्या म्हणाल्या, "पण तुझाच आहे."