खांद्यावर पडलेली गाठ

पंचावन्न सालाच्या आसपास हिंगणघाटच्या दवाखान्यात हिवतापाचं औषध आणायला जायचो, तेव्हा हा माणूस बाकावर माझ्या शेजारी असायचाच. नाव मी विचारलं नाही. डॉक्टरांनीही विचारलं नसावं. साहेबांचा वेळ जाऊ नये म्हणून नंबर येण्याआधीच तो बंडी काढून उजवा खांदा तयार ठेवायचा. वेळ तसाही जात नसे. डॉक्टर दुरूनच म्हणायचे, ‘मार जुना आहे, आता काय दुखणार?’ आणि त्याच्या बाटलीत गुलाबी मिक्श्चर पडायचं.

‘औषध चांगलं हाये,’ तो मला सांगायचा. ‘पोट साफ राह्यते. खांदा पोटात नाई, येवढीच अडचण.’

मग पुण्याकडचे नवे डॉक्टर आले. त्यांनी त्याला चक्क स्टुलावर बसवून काय झालं ते विचारलं. तो हरखलाच.

‘कापसाच्या प्रेसमधी होतो, साहेब. खांद्यावर गाठ पडली.’

डॉक्टरांनी खांदा, मान, काख मन लावून चाचपली. ‘गाठ तर कुठेच लागत नाही!’

रुई दाबून बांधलेल्या भल्यामोठ्या गठ्ठ्यालाही गाठच म्हणतात, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

‘कशी लागन, साहेब? गाठ तं तवाच मालगाडीनं मुंबईले गेली. दुखणं तेवढं इथं राह्यलं.’

सगळा बाक हसला. डॉक्टरही हसले आणि हसता हसताच त्यांनी कंपाउंडरला गुलाबी औषधाची खूण केली. तो मात्र एका हातानं बंडी चढवायला धडपडत होता. नंबरच्या इतकं आधी तो ती का काढून ठेवायचा, ते मला तेव्हा कळलं.