समोरचा वारा

आजारी माणसाला विमानानं त्याच्या घरी पोहोचवायचं, हे सिस्टरचं काम. वॉर्डात उमेदीची वर्षं घालवल्यावर तिनं हे धरलं होतं. नवरा चिडवायचा, "तुझं सासर जमिनीवर आणि माहेर ढगात!" ती हसायची, पण निघण्याआधी ऑक्सिजनचा हिशेब पुन्हा पुन्हा करायची. दोन शहरांतलं अंतर केवढं, विमान किती वेळ घेणार, आणि वर थोडं जास्तीचं.

त्या दिवशी तिच्या हवाली मिस्त्री होते. परमुलखात जन्मभर घरं बांधता बांधता फुप्फुसं धुळीनं भरून घेतलेला म्हातारा. आता त्यांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर पाठ टेकायची होती. सोबत थोरली लेक. प्रवास आठ तासांचा. सिस्टरनं दहा तासांपुरते सिलिंडर घेतले होते.

निम्मी वाट सरली आणि हवाईसुंदरी वाकून हळूच म्हणाली, "समोरून जोराचा वारा आहे. दीड तास उशीर होईल. उतरायच्या ठिकाणी धुकंही आहे, घिरट्या घालाव्या लागतील."

सिस्टरनं उरलेले सिलिंडर मोजले. त्यात नवा सिलिंडर लावायला घेतला, तर काटा निम्म्यावर! कुठूनतरी झिरपत होता.

हवाईसुंदरी पुन्हा आली. "कॅप्टन विचारतायत, वाटेतल्या शहरात उतरवू का? लगेच सांगा."

तिथं हॉस्पिटल होतं, पण ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. लेकीचा चेहरा पांढराफटक. "सिस्टर, मला काही सुचत नाही. तुम्हीच सांगा."

मिस्त्रींनी मास्क खाली ओढला. "मला मध्येच कुठं टाकू नका गं."

"मास्क वर! एक अक्षर बोलायचं नाही."

"जन्मभर मजुरांवर ओरडलो, आता—"

"मिस्त्री!"

विमानातला राखीव सिलिंडर तिनं मागून घेतला. मनातल्या मनात बेरीज केली. ऑक्सिजन एका खुणेनं कमी सोडला, तर पुरेल. जेमतेम.

"पुढे चला," ती म्हणाली. "पण आम्हाला सगळ्यांच्या आधी उतरवा."

मग तिनं मिस्त्रींना उशांच्या आधारानं ताठ बसवलं. त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा घसरत होता. "माझ्याकडे बघा. नाकानं आत, ओठांतून हळू बाहेर. घाई नाही." आकडा सावरायचा, पुन्हा घसरायचा. ओठ निळसर व्हायला लागले, तशी लेक कुजबुजली, "उतरलो असतो तर?"

सिस्टर मिस्त्रींचा श्वास ऐकत राहिली.

खिडकीबाहेर नुसतं पांढरं धुकं. विमान डगमगलं, खाली गेलं, आणि चाकं टेकली तेव्हा राखीव सिलिंडरचा काटा तळाला टेकत होता. दार उघडलं. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी नवा मास्क चढवला. मिस्त्रींना उचलून नेलं. सिस्टर तिथंच रिकाम्या सीटवर बसली.

वाटेत उतरली नाही म्हणून कामावरच्या वरिष्ठ बाईंनी फोनवर तिला चांगलंच फैलावर घेतलं.

मिस्त्री पुढे तीन आठवडे जगले. आपल्याच खाटेवर गेले. लेकीनं कळवलं, "सिस्टर, तुमच्यामुळे झालं."

सिस्टरला बरं वाटलं, पण झोप काही लागली नाही. कुणाच्या तरी बापाचा जीव आपण पणाला लावला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.