बटणाखालचा तांदळाचा दाणा

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. लंडनच्या पोलीस दलात मी एकोणतीस वर्षं काढली. घरफोड्या, मारामाऱ्या, हरवलेली माणसं यातलं बरंचसं विसरलो, आणि विसरलो याचं मला वाईट वाटत नाही. पण एका पावसाळी दुपारी मुद्देमालाच्या खोलीत एक बंद पिशवी श्वास घेताना मी पाहिली. ती विसरायचा प्रयत्न करून झाला आहे. कुणाचंही नाव न घेता ती हकीकत सांगतो.

मुद्देमाल हा शब्द माझ्या नागपूरच्या मामाचा. तो तिकडे फौजदार होता. आई इकडच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. घरातली मराठी आईने टिकवली आणि पोलिसी मराठी मामाने. आमच्या स्टेशनात त्या खोलीला प्रॉपर्टी स्टोअर म्हणत, पण मनातल्या मनात मी तिला मुद्देमालाची खोलीच म्हणायचो.

ऑक्टोबर महिना होता. हॅरोमधल्या एका घरात सत्तरीचे एक गृहस्थ जेवून वरच्या खोलीत दार लावून आरामखुर्चीत झोपले. त्यांची बायको आणि मुलगी भाजी आणायला बाहेर गेल्या होत्या, जावई ब्रॅकनेलला ऑफिसात. चारच्या सुमारास शेजारणीला खिडकीच्या फटीतून धूर दिसला. फायर ब्रिगेडने दार उघडलं तोवर ते धुरानेच गेलेले होते. खुर्चीची डावी बाजू जळाली होती, आणि गादीच्या फटीत घरी बनवलेलं एक व्हेप सापडलं. सिगारेटऐवजी वाफ ओढायचं ते यंत्र.

आम्ही अपघात म्हणून कागद रंगवायला घेतले. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. माझं आडनाव ऐकून ती मराठीवर आली.

"ते माझ्या नवऱ्याने बनवलंय. बाबा आमच्या मॅरेजच्या अगेन्स्ट होते. चार वर्षं ते त्याच्याशी नीट बोलले नाहीत, आणि आता अचानक त्याने स्वतःच्या हाताने बनवून गिफ्ट दिलं? तुम्ही त्याला विचारा. प्लीज, विचारा तुम्ही."

टीप देणारा घरातलाच असला की पोलीस कान टवकारतो. मीही टवकारले. खरं सांगायचं तर तिच्या बोलण्यावर मी फार लवकर विश्वास ठेवला.

जावयाला ताब्यात घेतलं आणि घरामागच्या शेडची झडती घेतली. मला तिथे पसारा दिसेल असं वाटलं होतं. पण सोल्डरिंग आयर्न त्याच्या स्टँडवर, वायरी रंगांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, शेजारी यंत्रात भरायच्या वेलचीच्या अर्काची बाटली. आणि बाकावर त्या जळालेल्या यंत्राचं जुळं भावंड होतं. तसाच अॅल्युमिनियमचा चपटा डबा, तसंच मधोमध गोल बटण. ते आम्ही जप्त केलं. तज्ज्ञाला ते जसंच्या तसं हवं होतं, बॅटरीसुद्धा काढायची नव्हती, म्हणून पारदर्शक पिशवीत सीलबंद करून वाळू घातलेल्या लोखंडी पेटीत ठेवलं.

चौकशी वकिलासमोर, टेप लावून, अर्थातच इंग्रजीत झाली. इथे मराठीत लिहितो. जावई पस्तिशीचा, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. आरोपी गप्प बसतात किंवा जास्त बोलतात. हा दुसऱ्या जातीचा निघाला. मी फक्त विचारलं की हे कसं बनवलं, आणि तो तासभर थांबलाच नाही.

"सेलला कधीही थेट सोल्डर करायचं नाही, उष्णतेने आतून खराब होतो. होल्डर वापरायचा. सेलवरचं प्लॅस्टिकचं आवरण कुठे फाटलंय का ते भिंगाने बघायचं. पॉझिटिव्हच्या अगदी जवळ फ्यूज, मग बाकी सगळं. वायर जाड आणि आखूड. प्रत्येक सांध्यावर नळी चढवून ती तापवून बसवायची. खाली भोकं ठेवायची, सेल बिघडलाच तर वायू बाहेर पडायला. आधी फ्यूज, बाळा, मग बाकीची हौस."

शेवटचं वाक्य मराठीत आलं आणि वेगळ्याच आवाजात. जाडसर, वयस्कर, किंचित घोगऱ्या. वकीलबाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याही लक्षात आलं असावं.

"हे कोण म्हणायचं?" मी विचारलं.

"बाबा. सासरे. ते वीज मंडळात होते. सहा महिने आम्ही दोघं शेडमध्ये बसायचो. त्यांनी भिंग धरायचं, मी जोडायचं. त्यांना सिगारेट सोडायची होती. मी बनवून दिलं एवढंच माझ्या बायकोला माहीत आहे, बाकी काही नाही. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. सोडून दाखवायची आणि मगच सांगायची असं त्यांचं होतं."

"मग पेटलं कसं?"

"बटण दाबलेलं राहिलं असणार. बाजारातली यंत्रं दहा सेकंदांनी आपोआप बंद होतात. ती सोय मी बसवली नव्हती. पुढच्या वेळी बसवणार होतो. चूक माझी आहे."

"बनवून झाल्यावर ही यंत्रं आणखी कुणी हाताळली होती?"

तासभर धो धो वाहणारा माणूस इथे एकदम आटला. टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. मी प्रश्न पुन्हा विचारला. "नो कमेंट," तो म्हणाला. तीन वेगवेगळ्या रीतीने तोच प्रश्न विचारला, तीनदा तेच उत्तर. मला वाटलं, सापडला. इथेच काहीतरी लपवतोय. लपवत होताच तो, पण मी भलत्याच अंदाजाने खूश झालो होतो.

जामिनावर सोडताना घरी राहायचं नाही अशी अट घातली. तो इल्फर्डला मित्राकडे गेला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आरोप ठेवायचा की त्याहून गंभीर, एवढंच आमच्याकडे ठरायचं राहिलं होतं. तुरुंगवास झाला असता तर व्हिसा, नोकरी, संसार सगळंच गेलं असतं.

त्यानंतर तीन दिवस पाऊस लागून राहिला. आमची मुद्देमालाची खोली तळघरात, भिंतींना ओल. ती सांभाळणारी बाई यॉर्कशरची, धिप्पाड, वीस वर्षं तिथेच. रक्ताचे कपडे, कुऱ्हाडी, काय वाट्टेल ते तिने शांतपणे रजिस्टरला चढवलं होतं. त्या दुपारी ती जिना चढून माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "खाली त्या पिशवीत कुणीतरी आहे."

मी तिची थट्टा केली. विचारलं, जेवणात काय घेतलंस? ती हसली नाही. मग मीही उठलो.

खोलीत आधी वास आला. वेलचीचा. सीलबंद पिशवीतून वास यायला नको, पण येत होता. पेटीतल्या वाळूवर पिशवी पडलेली, आतून धुक्याने भरलेली. त्या धुक्यात बटणाभोवतीचं दिव्याचं तांबडं कडं लागलं. बारीक चर्र आवाज झाला, तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखा. पिशवी किंचित फुगली. मग कडं विझलं आणि आवाज थांबला. मी मनात आकडे मोजले. पाच, सहा, सात. पुन्हा कडं लागलं, पुन्हा चर्र. एक झुरका घ्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग सोडायला लागतो तेवढा थांबायचं, आणि पुन्हा.

खोलीत आम्ही दोघंच होतो. पेटीला कुणाचा हात लागलेला नव्हता.

मी देवाधर्माचा फारसा नाही, भुताखेतांचा तर नाहीच. पण त्या वेळी माझी पाठ दाराला टेकली होती, आणि ती मी कधी टेकवली ते मला माहीत नाही. ती बाई पुटपुटली, "म्हातारा ओढतोय." मी तिला गप्प बस म्हटलं, जरा जास्तच जोरात. मग हातमोजे चढवले, सील कापलं आणि बॅटरी काढून घेतली. कडं विझलं. डबा हाताला गरम लागत होता, कपाळाला ताप असावा तसा. रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहिताना माझं अक्षर इतकं वाकडं आलं की पुढे सुपरिंटेंडंटने त्याबद्दल विचारलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र तज्ज्ञाकडे गेलं. तीन आठवड्यांनी अहवाल आला. वायरिंग उत्तम, फ्यूज योग्य, सांधे पक्के. त्याने लिहिलं होतं की इतकं स्वच्छ घरगुती काम क्वचितच पाहायला मिळतं. मात्र बटणाखाली लाल, पिठूळ थर होता. माझा तरुण सहकारी म्हणाला, "रक्त." चाचणीत रक्त निघालं नाही. तो थर ओलसर झाला की त्यातून थोडी वीज झिरपायची. हे बटण स्वतः मोठा प्रवाह वाहून नेत नव्हतं, एका चिपला नुसता इशारा द्यायचं, आणि इशाऱ्याला तेवढी झिरपही पुरायची. फ्यूज जास्तीचा प्रवाह तोडतो, पण इथे प्रवाह जास्त नव्हताच. यंत्राला वाटायचं, कुणीतरी बटण दाबलंय. तळघरातल्या ओलीने तेच झालं होतं. तापून थर सुकला की यंत्र बंद पडायचं, वाफेने ओलावला की पुन्हा चालू. खुर्चीच्या गादीच्या फटीत, अंगाच्या घामाने त्या दुपारी वरच्या खोलीतही तेच झालं असणार.

अहवालाच्या शेवटी एक फोटो होता. बटणाच्या फटीत अडकलेला एक बारीक, लांबट, तांबूस तुकडा. खाली लिहिलं होतं: सेंद्रिय, कदाचित कीटकाचं अंडं.

मी तो फोटो दिव्याखाली धरला. ते तांदळाचं कणीएवढं टोक होतं. कुंकवात भिजवलेली अक्षता.

कॅलेंडर काढून पाहिलं. दसरा मृत्यूच्या पाच दिवस आधी होता. आमच्या घरीही आई दसऱ्याला स्टेथोस्कोप, गाडीची किल्ली, सुरी पाटावर मांडायची आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहायची. माझ्या पोलिसी दंडुक्यालाही तिने एकदा बोट लावलं होतं, आणि परेडला जायच्या आधी मी ते घासून काढलं होतं.

जावयाला पुन्हा बोलावलं. टेप लावली, कायदेशीर इशारा वाचून दाखवला आणि विचारलं, "दसऱ्याची पूजा कुणी केली?"

"मी," तो म्हणाला.

"दसऱ्याला रजा मिळाली नाही, ब्रॅकनेलहून यायला उशीर झाला, असं तुम्हीच मागच्या जबाबात सांगितलंय."

मग तो इंग्रजी सोडून थेट मराठीत, माझ्याकडे झुकून बोलला. "आईंनी केली. सासूबाईंनी. घरी आलो तर दोन्हींच्या बटणांवर ओलं कुंकू, वर फुलं. माझं मी पुसलं. बाबांचं त्यांनी स्वतः पुसलं असं म्हणाले. आत काही गेलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फायर ब्रिगेडने तो डबा दाखवला त्या क्षणी आलं. साहेब, मला आत टाका, चालेल. दहा सेकंदांची सोय मी केली नव्हती, ती चूक माझीच आहे. पण हे त्यांना कळू देऊ नका. त्यांनी नवऱ्याला बरं वाटावं म्हणून वाहिलं होतं हो ते."

"टेप चालू आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? टेपवरचं पुसता येत नाही. शिवाय मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या कोरोनरपुढे हे सगळं वाचलं जाणारच होतं, आणि त्या माउलीने ते परक्या माणसांनी भरलेल्या खोलीत, दुभाष्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकावं हे मला मान्य नव्हतं. पोलीस म्हणून निरोप पोचवायची कामं मी पुष्कळ केली. त्या घराची बेल वाजवण्याइतकं जड काम दुसरं केलं नाही.

सासूबाईंनीच दार उघडलं. कपाळ मोकळं. मला बसवलं, पाणी दिलं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात हात बांधून उभी राहिली.

"काकू," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. जावयाने खोटं का सांगितलं तेही सांगितलं.

त्या ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी उजव्या हाताचं बोट पदराने पुसलं, पुन्हा पुसलं, पुसतच राहिल्या.

"त्यांना झोपेत कळलं असेल का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही. डॉक्टर म्हणाले, धुराने आधी शुद्ध जाते."

"आणि हे तेव्हापासून जावयांना माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

मुलगी तिथेच खाली बसली. तोंडावर दोन्ही हात. "आई, मी पोलिसांना फोन केला. मी केला गं. मी त्याला..."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण तिला जवळ घेतलं नाही. टेबलावरचा फोन उचलला. त्यांना नंबर लावता येत नव्हता, मी लावून दिला. पलीकडून "हॅलो, आई?" ऐकू आलं, घाबरलेलं.

"मला कळलंय," त्या म्हणाल्या. "सगळं कळलंय. एक महिना तुम्ही हे एकट्याने सोसलंत, आता पुरे. घरी या. मी रात्री त्या खोलीकडे बघत बसते, आणि ह्यांच्याबद्दल बोलायला मला या घरात कुणी नाही. तुमच्याजवळ ते सहा महिने बसत होते. काय बोलायचे, ते मला येऊन सांगा."

जामिनाची अट अजून होती. मी बाहेर गाडीत बसून वरिष्ठांना फोन केला आणि अट त्याच दुपारी उठवून घेतली. पुढे कोरोनरने अपघाती मृत्यूची नोंद केली.

नव्या पोरांना शिकवताना मी हे प्रकरण सांगायचो. पिशवीचा भाग सांगितला की ती पुढे सरकून बसायची. मला त्यांना वेगळंच सांगायचं असायचं. सगळं बोलणारा माणूस एकाच प्रश्नाला गप्प झाला, तर तो स्वतःला वाचवतोय असं धरून चालू नका. त्याच्या मागे कोण उभं आहे ते आधी बघा. मी ते बघितलं नव्हतं. एका निरपराध माणसाला महिनाभर त्याच्या घराबाहेर ठेवलं, आणि त्या घरातल्या एकटीच्या दुःखाशी बोलू शकणारा तो एकच माणूस होता.