पंच म्हणून जाऊन आल्यावर

किस्से सांगायला समोर माणसं लागतात. आमच्या आर्वीच्या ऑफिसात माझ्यासमोर कोणी बसेनासं झालं, म्हणून तर एवढे साचलेत. आज तुम्ही बसलात, तर ऐका.

*

लाच घेताना एखाद्याला पकडायचं, तर सोबत दोन सरकारी साक्षीदार लागतात. त्यांना पंच म्हणतात. तसं पत्र आलं आणि साहेबांनी माझं नाव दिलं. "तुमच्या टेबलावर काम कमी आहे," एवढंच कारण.

दुसऱ्या ऑफिसातल्या एका क्लार्कला माझ्यासमोर पकडलं. नोटांना लावलेली पावडर त्याच्या बोटांना लागली होती. सोड्याच्या पाण्यात हात बुडवले तसं ते गुलाबी झालं. तो अधिकाऱ्यांकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

"ताई, तुमी तं आपल्यातल्याच ना?"

मी पंचनाम्यावर सही केली.

*

अकरा वर्षं माझ्यासोबत डबा खाणाऱ्या शेंडेबाई त्यानंतरच्या सोमवारी म्हणाल्या, "आज उपास आहे." मंगळवारीही उपास. बुधवारी, गुरुवारीही.

शुक्रवारी मी रेकॉर्ड रूममध्ये फाइल आणायला गेले, तर बाई तिथं उभ्यानं वांग्याची भाजी खात होत्या. दोघीही ओशाळलो.

"बसून खा, ठसका लागेल," म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

*

एकदा चहाच्या वेळी वानखडेभाऊंनी माझा मोबाईल उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. "गंमत करून राह्यलो ताई. रेकॉर्डिंग तं चालू नाई ना?"

सगळे हसले. मीही हसले. माझा चहा संपेपर्यंत ड्रॉवर काही कोणी उघडला नाही.

*

रोहण्याहून एक म्हातारे अर्ज घेऊन आले. त्या बाईच्या टेबलाजवळ खिशात हात घालायचा नाही, असं त्यांना बाहेर कोणीतरी शिकवलेलं. अर्ज ठेवला आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"बाबा, हात काऊन वर केले?"

"तुमी पकडता म्हनते ना, मॅडम."

"सही करायला तरी खाली घ्या," मी म्हटलं.

*

मग वर्ध्याच्या कोर्टात साक्ष झाली. ज्यानं तक्रार केली होती, तोच म्हणाला, "मले काई आठवत नाई." मी जे पाहिलं, ते सांगितलं.

संध्याकाळी आर्वीची बस गच्च भरलेली. एकच जागा रिकामी होती, आणि तिच्या शेजारी तोच क्लार्क. मी दांडी धरून उभी राहिले. तो खिडकीकडे सरकला.

"बसा ताई. आर्वीपर्यंत कुठवर उभ्या राहाल?"

मी बसले. "केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही."

"नाई बोलत."

कंडक्टर आला. क्लार्कनं दोघांचे पैसे काढले. माझं तिकीट मीच काढलं.  बस वर्ध्याबाहेर पडली.

मग त्यानं विचारलं, "पोरगी कितवीले आहे तुमची?"

कितीतरी महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. बारावीला आहे, म्हटलं. पुढं तिचं गणित, तिचा चष्मा, तिचं रुसणं, सगळं सांगत गेले. आर्वी कधी आली, कळलंच नाही.