कॉकपिटमधली जादा सीट

अरे निशिकांत, रागाव खुशाल. पण सिंगापूरच्या चांगी विमानतळावर त्या दिवशी तुझी मावशी मध्ये पडली नसती, तर विमान निघून गेल्यावरही तू त्या काउंटरपाशी तसाच ताठ उभा राहिला असतास. तेव्हा झालं ते पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

निशिकांत वैमानिक. यिशुनच्या फ्लॅटमध्ये राहणारा, सगळीकडे पाव तास आधी हजर होणारा, बोलायला मोजका. नोकरी एका मोठ्या विमान कंपनीच्या धाकट्या कंपनीत. पेनांग, मेदान असे जवळचे पल्ले. विमान भरलेलं असलं, तर दोन्ही कंपन्यांच्या वैमानिकांना कॉकपिटमधल्या जादा सीटवर, जंपसीटवर, बसून जाता येई. पण धाकटीचा माणूस सकाळपासून नाव लावून बसला, तरी मोठीचा कुणी ऐनवेळी उगवला की सीट त्याची. यावरून दोन वर्षं भांडण चाललेलं. शेवटी धाकटीच्या वैमानिकांनी ठराव केला, की नियम बदलेपर्यंत मोठीच्या कुणाकडेही सीट मागायची नाही. मेहेरबानीवर भागतंय म्हटल्यावर नियम बदलणार कोण? ठरावाखाली पहिली सही निशिकांतची.

२०१६च्या डिसेंबरात एका सकाळी पुण्याहून त्याच्या बहिणीचा, उल्काचा, फोन आला. आईच्या हृदयाचं ऑपरेशन उद्या पहाटे. धोका आहे, लगेच ये. शाळांना सुट्ट्या, सगळी विमानं भरलेली. निशिकांतने दुपारच्या मुंबईच्या विमानाला जंपसीटसाठी नाव लावलं. मधुवंतीमावशी सेरंगूनहून टॅक्सी करून धावत आली. आजारी होती ती तिचीच थोरली बहीण.

काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं राहिली, आणि मोठ्या कंपनीचे कॅप्टन टॅन बॅग ओढत आले. मुंबईत मित्राच्या मुलीचं लग्न होतं. काउंटरवरच्या मुलीने मुकाट्याने निशिकांतचं नाव खाली सरकवलं.

"सांग ना त्यांना," मावशी म्हणाली.

"नाही."

"अरे, तुझी आई उद्या टेबलावर जाणार आहे!"

"माहीत आहे मला!" पासपोर्ट त्याने इतका आवळला होता, की कडा वाकल्या.

"मग घाल तो ठराव चुलीत."

"मावशी, मार्चमध्ये आमच्याच कंपनीतला मुकुल इथेच उभा होता. वडील शेवटच्या घटका मोजत होते त्याचे. सीट मागू का, म्हणून त्याने मला फोन केला. मी नको म्हटलं. तो पोचला नाही गं."

भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं. पंधरा मिनिटं. बारा. निशिकांतच्या कपाळावर एसीतही घाम. हे मुकुलचं ओझं खरं, पण ते त्याच्या आईने का वाहावं? मावशीला ते पटेना. ती सरळ टॅनपुढे जाऊन उभी राहिली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "माझ्या बहिणीचं हृदय बंद पडायला आलंय. तिचा मुलगा तो तिथे उभा आहे. तो मागणार नाही. मी मागते."

टॅन चपापले. "आयो, आंटी, व्हाय नेव्हर से अर्लियर? टेक, टेक लाह!"

निशिकांतने बोर्डिंग पास घेतला. मावशीकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो पोचला. आईने ऑपरेशनआधी त्याचा हात धरला, आणि ती त्यातून उठलीही. पण पंधरा दिवसांनी परतला तो मावशीच्या दारात, चप्पल न काढताच.

"मुकुलला सांगायला हवं. मला एकट्याला जमणार नाही. तू चल. तूच मागितलंस म्हणून सांग."

"चल की. या शनिवारी जाऊ."

त्या शनिवारी निशिकांतला ड्यूटी लागली. पुढच्या शनिवारी मावशीचा गुडघा दुखत होता. त्यानंतर ती विचारायची, तो म्हणायचा, बघू. मग तीही विचारेनाशी झाली. मुकुलचं घर तिच्यापासून दोन ब्लॉकवर, चालत सात मिनिटं. दोघं अजून तिकडे गेलेली नाहीत.