अक्काची पिकअप आणि माझा रिव्हर्स गिअर

कुणी पुढ्यात ताकाचा ग्लास ठेवला की तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. ताकाचा रीतसर पंचनामा करणारा पोलीस अधिकारी माझ्या माहितीत मी एकटाच आहे.

तेव्हा मी पाचोऱ्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. हमरस्त्यावरच्या एका गाड्यांच्या शोरूमचे मालक बोलत होते. एक बाई गेटात पिकअप आडवी लावून बसली आहे, जवळ पेट्रोलचा कॅन आहे आणि ती शोरूम पेटवून देणार आहे, असं त्यांचं म्हणणं. मी स्टेशन डायरीला नोंद करायला लावली, अग्निशमन बंबाला कळवलं आणि स्टाफ घेऊन सायरन वाजवत निघालो. सायरनची गरज नव्हती, पण मला तो आवडायचा.

गेटात खरंच पिकअप आडवी होती. नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही. तिच्या सावलीत साठीची एक बाई मांडी घालून बसली होती. शेजारी तिचा पंचविशीचा मुलगा मान खाली घालून उभा. बाईजवळ प्लास्टिकचा कॅन. मी लांबूनच दरडावलं, कुणी हलायचं नाही. मग छाती काढून पुढे गेलो, कॅन ताब्यात घेतला, रस्त्यावरचे दोन पंच बोलावले आणि 'संशयित द्रव' असं लिहायला सांगितलं. वास घेण्यासाठी झाकण उघडलं, तेव्हा आमचे हवालदार तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आत जिरं घातलेलं ताक होतं.

"पी ले भाऊ," बाई म्हणाली. "ऊनमा उना शे तू."

मी प्यायलो. उन्हाचा आलोच होतो. अशा रीतीने मुद्देमाल नष्ट झाला आणि नष्ट करणारा तपासी अधिकारी स्वतःच निघाला.

बाईला सगळे अक्का म्हणत. गिरणेकाठी, भडगावच्या बाजूला त्यांचं गाव. घरी म्हशी. मुलगा आसपासच्या गावांचं दूध गोळा करून शीतकरण केंद्रावर पोहोचवायचा आणि त्याच कामासाठी ही पिकअप घेतलेली. पहिल्या फुकट सर्व्हिसिंगला गाडी इथे दिली. कसला तरी आवाज येतोय म्हणून वर्कशॉपने ती काही दिवस ठेवून घेतली. परत आली आणि थोड्याच दिवसांत तिसरा गिअर टिकेना, मग दुसराही. खालून दळणाच्या गिरणीसारखी घरघर.

शोरूमचं म्हणणं सरळ होतं. मुलगा क्लचवर पाय ठेवून चालवतो, जास्त माल भरतो, म्हणून गिअरबॉक्स गेला. वॉरंटी लागू नाही. माझ्या चुकीच्या चालवण्याने गाडी बिघडली, असं मुलाने लिहून दिलं तर सवलतीत दुरुस्त करू. तिकडे दूध केंद्राच्या व्यवस्थापकाने बजावलं होतं, असा ठपका असलेल्या ड्रायव्हरला फेरी मिळणार नाही, नव्या महिन्यापासून दुसरा माणूस लावतो. म्हणजे मुलाने सही केली तर गाडी चालू होणार होती, पण तिला जायला फेरीच उरणार नव्हती. सही नाही केली तर गाडी बंद आणि फेरीही गेलेली.

"मन्हा पोऱ्याले गाडी चालाडता येस नही, असं मी लिखी देऊ?" अक्का म्हणाल्या. "नही देसू."

आता मी कुणाच्या बाजूने झुकलो असेन? मालकांच्या. त्यांच्या केबिनमध्ये एसी होता, खुर्ची फिरती होती आणि ते मला 'सर' म्हणत होते. मी बाहेर येऊन त्या मुलाला भाषण दिलं. आजकालची पोरं गिअर टाकतात की हापसा हाणतात कळत नाही. आम्ही सरकारी जीपवर शिकलो, डबल क्लच मारून. आण चावी, ठाण्यापर्यंत मी नेतो ही गाडी, बघतो कशी चालत नाही ते.

चालली. बाजाराच्या चौकापर्यंत चालली. तिथे दांडा असा अडकला की पुढचा एकही गिअर पडेना. पडत होता तो फक्त रिव्हर्स. मागे हॉर्नचा कल्लोळ, भाजीवाले उठून उभे, आणि शिकलेला अधिकारी माघार घेणार कसा? पण घेतली. अक्षरशः. चौकापासून ठाण्यापर्यंत मी पिकअप उलटी नेली. हवालदार शिट्टी मारत वाट मोकळी करत होते. एका केळीवाल्याने हातगाडी बाजूला घेत विचारलं, "साहेब, तपास मागे चालला का?"

अक्का शेजारच्या सीटवर हाताची घडी घालून बसल्या होत्या. ठाण्याच्या आवारात गाडी थांबली. उतरताना त्या म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या इतला वाईट नही चालाडस."

अपमान झाला की माझी कार्यक्षमता वाढायची. मी गाडीचे कागद मागवले, पोतं अंथरलं आणि स्वतः गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सवर नंबरची पट्टी होती. कागदावरचा नंबर आणि पट्टीवरचा नंबर तंतोतंत जुळला. मी बाहेर येऊन रुबाबात सांगितलं, बॉक्स तुमचाच आहे, यात गुन्हा नाही, हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक मंचात जा.

अक्कांचं माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. माझा खाकी शर्ट तेलाने काळा झाला होता, त्याकडे त्या बघत होत्या.

"शेंदूर नही लागना?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, चेष्टा चाललीय. मी म्हणालो, नुसतं काळं ऑइल लागलंय. त्यांनी मला पाठ फिरवायला लावली, बाह्या बघितल्या. मग त्या पोत्यावर खाली बसल्या आणि त्यांचा चेहराच बदलला.

त्यांच्या घरी बैलगाडीच्या काळापासूनची रीत होती. नवं वाहन दारात आलं की फुलं, लिंबू, नारळ पुढच्या बाजूला. पण सगळा भार जिथे पडतो त्या आखाला घरातल्या मोठ्या बाईने तेलात कालवलेल्या शेंदराचा हात द्यायचा. पिकअप आली तेव्हा त्यांनी मुलाला विचारलं, हिचा आख कोणता, हिला ओढतं कोण? तो म्हणाला, गिअरबॉक्स. मग अक्का गाडीखाली आडव्या झाल्या आणि गिअरबॉक्सवर पंजा उमटवला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडून अर्धी झाली होती. म्हणजे पंजाही तसाच.

"मन्हा हात कथा गया?" त्या म्हणाल्या.

तो हात कुठे गेला हे बघायला मी पुन्हा गाडीखाली गेलो, यावेळी टॉर्च घेऊन. तेलातला शेंदूर लोखंडावरून धुण्याने जात नाही. इथे त्याचा ठिपकाही नव्हता. आणि ज्या पट्टीवरचा नंबर मी एवढ्या रुबाबात वाचला होता, तिच्याखाली नख घातलं तर ती उचलून हातात आली. चिकटवलेली होती. नंबर मी नीट वाचला होता. पट्टी बघितली नव्हती.

मी चोरी आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. संध्याकाळच्या आत वरिष्ठांचा फोन. शोरूमचे मालक प्रतिष्ठित आहेत, वॉरंटीचं भांडण आहे, दिवाणी बाब आहे, तुम्ही कशाला पडता? मी म्हणालो, "सर, दुरुस्तीला नेलेल्या माझ्या पंख्याची मोटर कुणी बदलून घेतली, तर ती वॉरंटीची तक्रार का?"

"तुम्हाला बदली हवी आहे का?"

"दिलीत तर घेईन, सर. गुन्हा मात्र दाखल झालाय."

फोन ठेवला आणि हवालदारांना गुन्ह्याचा क्रमांक पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावला.

वर्कशॉपच्या सुपरवायझरला चौकशीला बोलावलं. माझी एक खास पद्धत होती. समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि काहीच विचारायचं नाही. शांतता सहन होत नाही आणि माणूस बोलू लागतो. या गृहस्थाने चहा घेतला, आणखी एक मागितला आणि भिंतीला डोकं टेकून झोपी गेला. घोरायला लागला तेव्हा मलाच उठवावं लागलं. त्याला पुन्हा हजर राहण्याचं समजपत्र देऊन घरी पाठवला.

मग हवालदारांनी आपल्या खबऱ्यांना निरोप दिला. जळगाव ते धुळे, गाडीखाली शेंदराचा अर्धवट पंजा असलेली पिकअप दिसली की कळवा. अंगुलिमुद्रा विभाग हाताशी असताना आम्ही शेंदूर शोधत फिरत होतो. मी स्वतः या योजनेला हसलो होतो, म्हणून ती यशस्वी झाली.

खबर धुळ्याच्या बाहेरच्या एका गॅरेजमधून आली. एका वाहतूकवाल्याची पिकअप ग्रीसिंगला आली की तिथली पोरं चपला काढून खाली शिरतात. खाली कुठल्या देवाचा हात आहे म्हणून कुणी विचारलं, तर गाडीचा मालक नीट सांगत नाही. आम्ही पंच घेऊन पोहोचलो. गाडी जॅकवर चढवली. खाली केशरी पंजा, दोन बोटं अर्धी. मी आधी हात जोडले आणि मग पंचनामा सुरू केला.

गाडी सुपरवायझरच्या मेव्हण्याची निघाली. जास्त माल भरून भरून त्याच्याच गाडीचा गिअरबॉक्स गेला होता. सर्व्हिसिंगच्या नावाखाली अक्कांची गाडी ठेवून घेतली आणि अदलाबदल केली.

सुपरवायझरला मी पुन्हा समोर बसवलं. या वेळी चहा दिला नाही. एकच विचारलं, नंबरची पट्टी काढून लावलीस, मग तो पंजा का नाही खरवडलास?

"साहेब, पट्टी काय, काढली आणि चिकटवली. पण एका आईने हात दिलेला आहे त्याला. तो मी कसा खरवडू? घरात लहान लेकरं आहेत माझ्या."

चोरी करताना त्याला आमची भीती वाटली नव्हती. शेंदराची वाटली. पोलीस म्हणून मला हे थोडं लागलंच.

मी विजयी मुद्रेने अक्कांना बोलावलं. मुद्देमाल खोलीत त्यांचा गिअरबॉक्स लेबल बांधून ठेवला होता. त्यांनी विचारलं, गाडी कधी चालू होईल? मी सांगितलं, आता तो पुरावा आहे, खटला संपेपर्यंत कोर्टाच्या ताब्यात.

"म्हंजे चोर बी लई गया, आन पोलीस बी लई गया," अक्का म्हणाल्या.

महिना संपत आला होता, फेरी दुसऱ्याकडे जाणार होती. मी फोटो काढून घेतले, अर्ज तयार केला आणि कोर्टात स्वतः उभा राहिलो. कोर्टाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागू तेव्हा हजर करायच्या हमीवर, गिअरबॉक्स अक्कांना दिला.

तोवर शोरूमचे मालक मऊ झाले होते. नवा कोरा गिअरबॉक्स देतो, बसवून देतो, फक्त गाजावाजा नको, असं म्हणू लागले. अक्कांनी नवा घेतला नाही. माझाच बसवा, म्हणाल्या, आणि दूध केंद्राच्या व्यवस्थापकासमोर गेटात उभं राहून सांगा. मालक गेटात आले. मुलाची चूक नव्हती, असं काहीतरी पुटपुटले.

"मन्हा पोऱ्यानं नाव खराब करं, तवय तू हळू नही बोलना," अक्का म्हणाल्या. "आते बी जोरमा बोल."

मालकांनी व्यवस्थापकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मुलाने मान वर केली. फेरी त्याच्याकडेच राहिली.

माझी बदली लवकरच झाली, धुळ्याला नियंत्रण कक्षात, फोन उचलायला. एका गिअरबॉक्ससाठी काय मिळवलंस, असं सहकारी विचारायचे. मी म्हणायचो, पंख्याखालची खुर्ची.

पण खरं सांगतो, मला एक गोष्ट तेव्हा कळली ती नंतर कुणी विसरायला लावू शकलं नाही. 'हे दिवाणी आहे' हे वाक्य पोलिसाला फार सोयीचं असतं. मी ते तोवर किती जणांना ऐकवलं असेल, आणि अक्कांनाही ऐकवलंच होतं. तक्रार न लिहून घ्यायला याहून सभ्य वाक्य नाही.

आता निवृत्त झालो, माझ्याकडे ना खुर्ची, ना सायरन. तरी गल्लीतलं कुणी म्हणालं, ठाण्यातून परत पाठवलं, की मी सदरा घालून बरोबर जातो. तरुण अधिकारी मला बघून कपाळाला हात लावतात. गेल्या महिन्यात एकाने हात जोडून समजावलं, "आबा, हे दिवाणी आहे."

मी म्हणालो, "असेल. आधी लिहून घे, मग ठरव."

आणि बाकावर बसून राहिलो. त्याने लिहून घेतल्यावरच उठलो.